पल्सरनंतर काय?

अप्रेझल झालंय, बॉसने पाठ थोपटलीय आणि जुन्या दीडशे सीसीचा जाम कंटाळा आलाय. मोबाइलच्या वॉलपेपरवर साडेसहाशे सीसीची एक हिरवीगार सुंदरी येऊन बसलीय... शोरूममध्ये शिरण्याआधी दोन मिनिटं बोलू या?

एप्रिल-मे हा ऑफिसांमध्ये दोन गोष्टींचा सीझन. एक राजीनाम्यांचा आणि दुसरा नव्या गाडीच्या स्वप्नांचा. वाढलेला पगार खात्यात पडल्याचा मेसेज आला रे आला, की कॅण्टीनमधल्या चहावर विषय निघतोच. ‘बस्स झालं यार, आता मोठी बाइक घ्यायची!’ मग कुणीतरी मोबाइल पुढे करतं, कुणीतरी पीएस आणि न्यूटन मीटरचे आकडे पाढ्यांसारखे म्हणायला लागतं आणि कोपऱ्यात बसलेला, नुकतंच लग्न झालेला टीम लीड उगाचच उसासा टाकतो.

यात गैर काहीच नाही. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलांचं बाइकशी असलेलं नातं जुनंच आहे. २००१ मध्ये पल्सर आली आणि ‘किती देते?’ याच्या जोडीला ‘किती पळते?’ हेही विचारायला आपण शिकलो. २००३ मध्ये करिझ्मा आली. सोसायटीतल्या ज्या दादाकडे ती होती त्याच्याभोवती आम्ही शाळकरी पोरंपोरी नुसत्या घिरट्या घालायचो. २०११ मध्ये होंडाची सीबीआर २५० आर आली, २०१२ मध्ये केटीएमची २०० ड्यूक. आज तिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्यांनी यातलंच काहीतरी, नाहीतर एफझी, आर १५, अपाची घेऊन कॉलेज आणि पहिली नोकरी काढली. आता त्या गाडीचं सीट कव्हर उसवलंय, चेन खडखडतेय आणि मुख्य म्हणजे मागे कुणी बसलं की खंडाळ्याच्या चढावर तिला धाप लागते.

मग पुढची पायरी कोणती? हल्ली या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘स्पोर्ट टूरर’ असं येतं.

याचा फण्डा साधा आहे. रेसच्या बाइकवर आपण टाकीवर जवळजवळ पालथे पडतो. दोन तासांत मनगटं आणि कंबर रामराम म्हणतात. क्रूझरवर आरामखुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे सोडायचे. स्पोर्ट टूरर या दोघींच्या मधली. अंग किंचित पुढे झुकलेलं, हॅण्डल जरा वर, वारा अडवायला फेअरिंग आणि काच, पोटभर पेट्रोल मावेल अशी टाकी, मागे माणूस खरोखर बसू शकेल अशी सीट आणि बॅगा बांधायला जागा. फेअरिंग म्हणजे नुसतं टशन नाही हं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. त्यामुळे पुणे ते कोल्हापूर हे २३० किलोमीटर उघड्या बाइकवर छाती ताणून काढणं आणि काचेमागे बसून काढणं, यातला फरक रात्री मान दुखायला लागली की बरोब्बर कळतो.

इथवर सगळे एकमताचे असतात. भांडण सुरू होतं ते पुढे. चाळीस पीएसची एक सिलिंडरवाली घ्यायची, पाचशेच्या आसपासची दोन सिलिंडरवाली घ्यायची, की एकदाच काय ते धाडस करून थेट साडेसहाशेवर उडी मारायची? गेले तीन महिने मी हेच करतेय. शोरूमच्या फेऱ्या, टेस्ट राइड, आधीच घेऊन बसलेल्या मित्रमैत्रिणींची डोकी खाणं, आणि घरी आईबाबांचे चेहरे वाचणं!

पळवणार कुठे?

आधी नकाशा उघडा. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्गावर बंदी. वांद्रे-वरळी सी लिंक, अटल सेतू, मुंबईचा कोस्टल रोड... सगळ्यांना आपण लांबूनच टाटा करायचा. म्हणजे राज्यातले गुळगुळीत म्हणून मिरवणारे रस्ते आपले नाहीतच. आणि ज्या चौपदरी महामार्गांवर आपल्याला मज्जाव नाही, तिथे २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल वेगमर्यादा आहे ताशी ८० किलोमीटर. कावासाकी निन्जा ६५० चं इंजिन ६८ पीएस ताकद देतं. ८० च्या वेगाला ती बाई जेमतेम जांभई देत असते.

आपल्याकडे खरी मजा आहे ती घाटात. ताम्हिणी, आंबोली, चोर्ला, आंबा घाट. जून सरल्यावरचा माळशेज (पावसात दरड आणि रील काढणारी गर्दी, दोन्हींपासून जपून). पण घाटात टॉप स्पीडला कुणी विचारत नाही. तिथे लागतात चांगले ब्रेक, खड्डा गिळणारं सस्पेन्शन आणि तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता ओढणारं इंजिन. समोरून लाल डब्बा वळण कापत येतो तेव्हा ६८ पीएसपेक्षा एबीएस जास्त कामाला येतं.

आता एक छोटंसं गणित. ऑफिस एका बाजूने १५ किलोमीटर धरा. वर्षाचे २४० कामाचे दिवस. झाले ७,२०० किलोमीटर. त्यात चार मोठे वीकएण्ड, प्रत्येकी ६०० किलोमीटरचे. म्हणजे २,४००. नव्या बाइकच्या दर चार किलोमीटरमधले तीन हे हिंजवडीच्या नाहीतर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबत-सोडत जाणार आहेत. ब्रोशरमधल्या फोटोत मागे हिमालय असतो. तुमच्या बाइकच्या मागे बहुतेक वेळ पीएमपीची बस असेल.

म्हणून माझा पहिला सल्ला. टेस्ट राइड रविवारी सकाळी सातला घेऊ नका. सोमवारी संध्याकाळी सहाला मागा. सेल्समन नाक मुरडेल, मुरडू दे. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर सगळ्याच बाइक भारी वाटतात. संध्याकाळच्या सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू होतो, गरम हवा गुडघ्यांवर येते, डावा हात क्लचने भरून येतो आणि मग कळतं या गाडीशी रोजचा संसार जमणार आहे की नाही ते.

पडली तर उचलणार कोण?

हा प्रश्न माझ्या बाबांचा. मी जेवताना एकेका बाइकचे गुण गात होते. सीसी झाले, पीएस झाले, राइडिंग मोड झाले. बाबांनी ताक संपवलं आणि विचारलं, ‘ते सगळं ठीक आहे गं, पण ही पडली तर उचलणार कोण?’

हसू नका. अख्ख्या बाजाराच्या चर्चेत याहून महत्त्वाचा प्रश्न मी ऐकलेला नाही. जुनी पल्सर १५० साधारण १५० किलोंची. डॉमिनार ४०० चं अलीकडचं मॉडेल १९३ किलोंचं. निन्जा ६५० चं वजन १९६. तिचीच उंच बहीण व्हर्सिस ६५० ही २२० किलोंच्या आसपास. चालत्या गाडीत हे वजन जाणवतही नाही, उलट हायवेवर गाडी कशी जमिनीला धरून चालते! ते जाणवतं बेसमेण्टच्या रॅम्पवर, पावसात, उजव्या पायाखाली तेलाचा डाग असताना. दोन स्कूटरींच्या मधून पायांनी ढकलत बाइक मागे घेताना. अक्खी जिम लावूनही त्या क्षणी माणूस एकटा असतो.

त्यात सीटची उंची. माझी उंची पाच फूट तीन इंच. ७९० मिलिमीटरच्या सीटवर (ही निन्जा ६५० ची) माझे दोन्ही पाय चवड्यांपर्यंत टेकतात. व्हर्सिसच्या ८४५ वर मी टाकीवर बसवलेल्या बाहुलीसारखी दिसते. पण उलट बाजूही बघा. निन्जा ६५० जमिनीपासून फक्त १३० मिलिमीटर वर आहे आणि व्हर्सिस १७०. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हौसेने बांधून घेतलेला स्पीडब्रेकर आठवा. त्यावरून मागे माणूस बसवून नेताना कोणती बाइक पोट घासेल, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

आपल्याकडे अस्सल स्पोर्ट टूरर जातीच्या बाइक मोजक्याच दिसतात, त्याचं एक कारण हेच असावं. त्यांचं काम आपल्या रस्त्यांवर उंच पायांच्या, ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाच्या बाइकनी पटकावलंय. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, होंडा एनएक्स ५००. यातल्या किती बाइक वाळवंटात जातात कोण जाणे, पण नगर रोडच्या खड्ड्यांत मात्र सगळ्या जातात! तुमची यादी फक्त खाली वाकलेल्या फेअरिंगवाल्यांची असेल, तर तीत या उंच मंडळींतली एक तरी घाला. दिसायला स्पोर्टी कमी, पण दिवसाला चारशे किलोमीटर काढायला जास्त माणसाळलेली.

साडेतीनशेची रेषा

आता पैशांचं. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण ईएमआय तुम्हीच भरणार आहात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले आणि बाइकच्या बाजारात सरळ एक रेषा मारली गेली. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यावरच्या बाइकवर आधी जीएसटी आणि सेस मिळून ३१ टक्के होता, तो झाला ४०. म्हणजे कर लावण्याआधीच्या दर एक लाख रुपयांमागे रेषेच्या अलीकडे १८ हजार आणि पलीकडे ४० हजार. तीन लाखांच्या बाइकमागे ६६ हजारांचा फरक! त्यावर आरटीओचा टॅक्स किमतीच्या टक्क्यांत, म्हणजे तोही वाढला. काही कंपन्यांनी सुरुवातीला हा बोजा स्वतः उचलला, त्यामुळे जुन्या किमती डोक्यात ठेवून जाऊ नका. लेखी, ऑन-रोड कोटेशन मागा.

इन्शुरन्सचीही हीच रेषा. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार नव्या बाइकचा पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि त्यापुढे १५,११७ रुपये. हा फक्त थर्ड पार्टी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा.

या एका रेषेमुळे गंमत झाली. ज्या निन्जा ३०० ला ‘आता जुनी झाली बिचारी’ म्हणून लोक नाकं मुरडत होते, ती २९६ सीसीची दोन सिलिंडरवाली बाइक एकदम शहाण्यांच्या यादीत आली. १७ लिटरची टाकी, ३९ पीएस, आणि एक सिलिंडरच्या इंजिनात हाताला येणारी ती थरथर जवळजवळ नाही. दिसायला दहा वर्षांपूर्वीची, हे खरं. ठाण्याची माझी एक सीए मैत्रीण तीच चालवते. रोज बीकेसी, आणि डिसेंबरात हंपी. तिला मी विचारलं, ‘चारशेची का नाही घेतलीस?’ तिने एक्सेल शीट उघडली. सीए लोकांशी वाद घालू नये.

टीव्हीएसची ३१२ सीसीची अपाची आरआर ३१० आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्सची २४९ सीसी हीसुद्धा रेषेच्या अलीकडचीच मंडळी. ३७३ सीसीची डॉमिनार आणि ३९८ सीसीची ट्रायम्फ स्पीड ४०० जेमतेम काही सीसींनी पलीकडे. तेवीस सीसीसाठी २२ टक्के कर! सरकारचं गणित आपण कोण विचारणार?

आणि पैसे बाइकपाशी थांबत नाहीत, हे तर कुणी सांगतच नाही. चांगलं हेल्मेट, आर्मर असलेलं जॅकेट, ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्यांची गार्ड्स. नीटनेटकं घ्यायचं तर तीस-चाळीस हजार सहज उडतात. साडेसहाशेच्या रेडियल टायरची जोडी वीस हजारांच्या पुढे. चेन उघडी असते, ती दर पाचशे-सहाशे किलोमीटरला साफ करून वंगण द्यायचं. जुन्या कम्यूटरवर हे काम सर्व्हिसिंगवाला मामा करायचा, आता तुम्ही. बजेट पाच लाख असेल तर बाइक सव्वाचारची बघा, असं मी सांगते. उरलेले पाऊण लाख अंगावर घालायचे आणि पहिल्या वर्षाला ठेवायचे.

घरी हे सगळं मांडल्यावर आईचा सिक्सर ठरलेला असतो. ‘एवढ्यात अजून थोडे घातले की कार येते!’ खरं आहे, साडेसहाशेच्या ऑन-रोड किमतीत बऱ्यापैकी हॅचबॅक येते. या वाक्याला जगातल्या कुठल्याही बाइकवाल्याकडे उत्तर नाही. गप्प बसून पोळी खावी.

बारामतीची बाइक, युरोपचा नियम

आता जरा वेगळ्या बाजूने बघू. बारामतीला पिआजिओचा कारखाना आहे. तिथे अप्रिलिया आरएस ४५७ बनते, डिसेंबर २०२३ मध्ये ती आपल्या बाजारात आली. जरा स्पोर्टकडेच झुकलेली, पण १७५ किलोंची आणि दोन सिलिंडरची ही बाइक सध्या माझ्या मित्रांच्या ग्रुपवर भलतीच गाजतेय. तिची ताकद आहे ४७.६ पीएस. होंडा एनएक्स ५०० ची ४७.५. दोन वेगळे देश, दोन वेगळी इंजिनं आणि आकडा जवळपास तोच. योगायोग? नाही.

युरोपात २०१३ पासून मोटरसायकलच्या लायसन्सला पायऱ्या आहेत. अठरा वर्षांच्या मुलाला तिथे ए-२ लायसन्स मिळतं आणि त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॉटची बाइक चालवता येते. ३५ किलोवॉट म्हणजे ४७.६ पीएस! त्यावर दोन वर्षं काढायची, पुढची परीक्षा द्यायची, मगच त्याहून मोठी. चोवीस वर्षांचे झालात तर थेट मोठ्या लायसन्सची परीक्षा. म्हणजे बारामतीत बनणाऱ्या बाइकचा आकडा मिलान आणि म्युनिकच्या मुलांसाठी ठरलाय.

आणि आपल्याकडे? ‘मोटरसायकल विथ गिअर’. संपलं. अठराव्या वर्षी शंभर सीसीवर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढायचा आणि त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी हजार सीसी घेऊन निघायचं. कायदा अडवत नाही. पायरी आपली आपणच ठरवायची.

पल्सर १५० ची ताकद १४ पीएस. तिथून ४० ते ४८ पीएसवर जाणं म्हणजे तिप्पट उडी झालीच की! ६८ म्हणजे जवळजवळ पाचपट. दीडशेवर मनगटाला लागलेल्या सवयी, जरा पिळलं की काही होत नाही, ही त्यातली मुख्य, साडेसहाशेवर महागात पडतात. पावसाळी रस्त्यावर, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तर फारच. मी कुणाला भीती घालत नाहीये, पण रस्ते वाहतूक मंत्रालयाचा एक आकडा डोक्यातून जात नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आईबाबांना सीसी कळत नसेल, हा आकडा त्यांना न वाचताच ठाऊक असतो.

म्हणून माझं मत विचाराल तर दीडशे-दोनशेवरून येणाऱ्यांची पुढची पायरी म्हणजे ४० ते ४८ पीएसचा पट्टा. एक सिलिंडर की दोन, खाली वाकलेली की उंच, रेषेच्या अलीकडची की पलीकडची, हे आपापल्या खिशाने आणि पाठीने ठरवावं. साडेसहाशे ही त्याच्यापुढची पायरी. ती नको असं नाही, पण आधीची पायरी गाळून नको.

हे ऐकून माझा हिंजवडीचा मित्र चिडतो. त्याच्याकडे सेकंडहॅण्ड साडेसहाशे आहे. ‘तू एकदा खंबाटकीत मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा घेऊन ट्रकला ओव्हरटेक करून बघ, मग बोल,’ म्हणतो. बघितलं मी. खरंच सांगते, सॉल्लिड प्रकार आहे. डॉमिनारचा टॉर्क ३५ न्यूटन मीटर, निन्जा ६५० चा साठच्या पुढे. गिअर न बदलता, आवाज न चढवता ट्रक मागे पडतो आणि मागे बसलेल्या माणसाच्या गप्पाही थांबत नाहीत. महिन्यातून दोनदा पाचशे-सहाशे किलोमीटर जाणारा, दोघांनी फिरणारा, चार-पाच वर्षं चारशेच्या आसपासची बाइक वापरलेला कुणी असेल तर त्याने खुशाल घ्यावी. माझा मित्र तसाच आहे. शिवाय तो रोज ऑफिसला कंपनीच्या बसने जातो, हे तो सांगायला विसरतो!

मागच्या सीटचं मत

बाइकचे रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक पुढेच बसतात. मी बरीच वर्षं मागेही बसलेय, त्यामुळे हा मुद्दा माझा.

पुष्कळशा स्पोर्टी बाइकची मागची सीट म्हणजे खिडकीचा कठडा. उंच, अरुंद, पुढे घसरणारी. धरायला काही नाही, गुडघे कानांशी. पहिले पन्नास किलोमीटर रोमॅण्टिक असतात. शंभराव्या किलोमीटरला संवाद बंद होतो. दीडशेव्या किलोमीटरला ‘पुढच्या वेळी आपण ट्रेननं जाऊ या का?’ असं अगदी गोड आवाजात विचारलं जातं आणि चार लाखांची टूरिंग बाइक त्या दिवसापासून ऑफिसची बाइक होते. तेव्हा टेस्ट राइडला जिच्याबरोबर किंवा ज्याच्याबरोबर फिरायचंय त्या माणसाला घेऊन जा. अर्धा तास मागे बसवा. त्याचं मत शेवटचं समजा. ग्रॅब रेल आहे का, बॅगांचे स्टॅण्ड लावल्यावर पाय ठेवायला जागा उरते का, मागचं वजन वाढल्यावर सस्पेन्शनचा प्रीलोड बदलता येतो का, हेही तिथेच विचारा.

जाहिराती वाचा

माझा आवडता टाइमपास सांगते. सेकंडहॅण्ड बाइकच्या जाहिराती. ‘सिंगल ओनर, ६,००० किलोमीटर, सोसायटीत झाकून ठेवलेली, कारण: परदेशी जात आहे.’ ‘तीन वर्षं, ७,५०० किलोमीटर, कारण: लग्न ठरले आहे.’ ‘पाठीच्या त्रासामुळे विकणे.’ साडेसहाशेच्या आसपासच्या जाहिरातींत हे कमी किलोमीटर इतक्यांदा दिसतात, की एकेक जाहिरात म्हणजे एक छोटी कादंबरी वाटते. वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर! ईएमआय मात्र बारा महिने.

ज्यांची हौस तिथे मोडली त्यांच्या बाइक आपल्याला स्वस्तात पडू शकतात, हा त्यातला फायदा. पण डोळे उघडे ठेवून. आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि असल्यास एनओसी आहे का, ते आधी. सर्व्हिसचा रेकॉर्ड, इन्शुरन्सचे जुने क्लेम. पुढच्या फोर्कमधून तेल गळतंय का, हॅण्डल सरळ धरल्यावर चाकही सरळ राहतं का, डिस्कला खाच पडलीय का. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे त्याआधीच्या बाइकमध्ये ते आहेच असं गृहीत धरू नका. आणि एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली असेल तर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ती चालते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. मालकाने ‘थोडासाच’ आवाजाचा सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळचा सायलेन्सर मागून घ्या. पुण्या-मुंबईत पोलिसांनी असले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

आणखी एक, खर्चाचंच पण वेगळं. बाइक घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत एखाद्या रायडिंग स्कूलचा एक दिवसाचा कोर्स करा. चेन्नईजवळच्या आणि कोइमतूरच्या रेस ट्रॅकवर असे कोर्स होतात. इमर्जन्सी ब्रेक कसा मारायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, हे आपल्याला कुणी कधी शिकवलेलंच नसतं. आपण सगळे मामाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या गाडीवर, क्लच सोडताना बंद पडत पडत शिकलोय. आफ्टरमार्केट एलईडीवर पैसे उडवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझं म्हणाल तर यादी आता दोनवर आलीय. निन्जा ३०० आणि एनएक्स ५००. एक रेषेच्या अलीकडे, एक पलीकडे. एकीवर माझे पाय नीट टेकतात, दुसरीवर आईला मागे बसता येतं. सीए मैत्रिणीने तिची एक्सेल शीट पाठवलीय, तिच्यात निकाल सरळ आहे. पण परवा आईने स्वतःहून विचारलं, ‘त्या उंच गाडीवरून नरसोबाच्या वाडीला जाऊन यायला किती वेळ लागेल गं?’ सोमवारी संध्याकाळी सहाची टेस्ट राइड बुक केलीय. ती मागे बसणार आहे.